आभासी वास्तवता तंत्रविद्या

संगणकाने निर्माण केलेल्या त्रिमितीय परिसरात आपण प्रत्यक्ष उपस्थित आहोत व आपल्या हालचालींनुसार तो परिसर आपल्याला प्रतिसाद देत आहे, अशी प्रतीती माणसाला घडविणारी तंत्रविद्या. चित्रपट किंवा दूरचित्रवाणी पाहणारा प्रेक्षक चौकटीच्या बाहेर असतो. त्याने मान वळविली, तर चित्र त्याच्या दृष्टीआड होते. आभासी वास्तवतेत मान वळविली असता त्या परिसराची दुसरी बाजू दिसू लागते, खाली वाकले असता मेजाखालची जागा दिसते आणि पुढे पाऊल टाकले असता समोरची वस्तू मोठी होत जाते. याकरिता डोळ्यांसमोर लहान पडदे धरणारे, डोक्यावर बांधावयाचे उपकरण सामान्यतः वापरतात. त्यास हेडसेट म्हणतात.

या तंत्रविद्येचा इतिहास पुष्कळदा अधिकाधिक स्पष्ट व भव्य चित्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वस्तुतः चित्राचा स्पष्टपणा हे तिचे दुय्यम अंग होय. डोक्याची हालचाल मोजणे, तिला अनुरूप असे नवे चित्र तयार करणे व ते डोळ्यांपुढे आणणे या तिन्ही क्रिया किती अल्पावधीत पार पडतात, यावर आभास टिकणे किंवा मोडणे अवलंबून असते. १९६० पासूनच्या काळात या क्षेत्रात आलेली यशे व अपयशे ही मुख्यतः या कालविलंबाशी निगडित आहेत.

संज्ञा व व्याप्ती : फ्रेंच नाट्यचिंतक आंतॉनँ आर्तो यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधसंग्रहात ‘आभासी वास्तवता’ या अर्थाचे शब्द रंगभूमीवरील मायिक सृष्टीला उद्देशून वापरले होते. संगणकाच्या संदर्भात ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ ही संज्ञा अमेरिकन संगणकतज्ञ जॅरन लॅनियर यांनी १९८७ च्या सुमारास रूढ केली. त्याआधी मायरन क्रूगर हे कलावंत-संशोधक याच कल्पनेसाठी ‘कृत्रिम वास्तवता’ ही संज्ञा वापरीत असत. प्रत्यक्ष परिसर दिसत असतानाच त्यावर संगणकीय आकृती व माहिती बसविण्याच्या पद्धतीस संवर्धित वास्तवता म्हणतात. ही संज्ञा बोइंग कंपनीत विमानांतील तारांच्या जुडग्यांची जुळणी सुलभ करण्याच्या प्रयत्नांतून १९९० च्या सुमारास पुढे आली. पॉल मिल्ग्रॅम व फुमिओ किशिनो यांनी १९९४ मध्ये असे दाखवून दिले की, पूर्णतः प्रत्यक्ष आणि पूर्णतः आभासी ही एकाच अखंड श्रेणीची दोन टोके असून बहुतेक प्रणाली या दोहोंच्या दरम्यान कोठेतरी असतात.

मूलतत्त्व : माणसाच्या दोन डोळ्यांमधील अंतर सरासरीने ६·३ सेंमी.च्या आसपास असते. त्यामुळे एकाच वस्तूच्या दोन किंचित भिन्न प्रतिमा दोन जालपटलांवर पडतात व त्यांच्यातील फरकावरून मेंदूस खोलीचे ज्ञान होते. प्रत्येक डोळ्यापुढे त्याच्या त्याच्या स्थानावरून काढलेले वेगळे चित्र ठेवल्यास खोलीचा हा भास कृत्रिम रीत्या निर्माण करता येतो. परंतु खोलीचे ज्ञान होण्याचे हे एकच साधन नव्हे. डोके बाजूस सरकविले असता जवळच्या वस्तू अधिक व दूरच्या वस्तू कमी सरकताना दिसतात. धावत्या आगगाडीच्या खिडकीतून पाहताना तारांचे खांब झरझर मागे जातात व दूरचे डोंगर जवळजवळ स्थिर राहतात, हे याचे परिचित उदाहरण होय. एका डोळ्याने अंध असलेल्या व्यक्तीसही या साधनाचा उपयोग होतो.

याशिवाय अंतर्कर्णातील संतुलनेंद्रिये डोक्याच्या प्रत्येक हालचालीची वार्ता मेंदूला देत असतात. डोके उजवीकडे वळले की, डोळे प्रतिक्षेपाने तितक्याच वेगाने डावीकडे फिरतात. त्यामुळे जग हलल्यासारखे दिसत नाही. ही क्रिया सु. १० मिलिसेकंदांत घडते. आभासी परिसराला या निसर्गदत्त यंत्रणेशी जुळवून घ्यावे लागते. समजा, डोके सेकंदाला १०० अंश या वेगाने वळत आहे व चित्र ५० मिलिसेकंद उशिरा येत आहे, तर प्रत्येक वस्तू आपल्या खऱ्या जागेपासून ५ अंश दूर दिसेल. पौर्णिमेच्या चंद्राचा व्यास सु. अर्ध्या अंशाचा भासतो, हे लक्षात घेता ही चूक दहा चंद्रबिंबे ओळीने मांडण्याइतकी मोठी आहे. अशा वेळी स्थिर असावयास हवी ती भिंत तरंगू लागते, डोळे एक सांगतात व कान दुसरे सांगतो आणि पाहणाऱ्यास मळमळू लागते. हालचालीपासून चित्रापर्यंतचा एकूण विलंब सु. २० मिलिसेकंदांहून कमी असावा, असे सामान्यतः मानले जाते.

पूर्वपीठिका : प्रेक्षकाला चित्राने सर्व बाजूंनी वेढण्याचा प्रयत्न बराच जुना आहे. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने १७८७ मध्ये वर्तुळाकार भिंतीवरील अखंड चित्राचे एकस्व मिळविले व १७९३ मध्ये लंडनमधील लेस्टर चौकात त्यासाठी खास इमारत उभारली. तीत मध्यभागी उभ्या असलेल्या प्रेक्षकाने कोठेही मान वळविली, तरी चित्र संपत नसे. मात्र ते सपाट होते. खोलीचा भास चार्ल्स व्हीट्‌स्टन या इंग्रज भौतिकीविज्ञांनी साध्य केला. त्यांनी १८३८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात स्टिरिओस्कोप या उपकरणाचे वर्णन केले. त्यात परस्परांशी काटकोनात बसविलेल्या दोन आरशांच्या योगाने दोन डोळ्यांना दोन वेगवेगळी चित्रे दाखविली जात. डेव्हिड ब्रूस्टर यांनी भिंगे वापरून हे उपकरण आटोपशीर केले व १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनानंतर ते घरोघरी पोहोचले.

तिसरे अंग म्हणजे प्रतिसाद होय. अमेरिकेतील एडविन लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन व यांत्रिक पियानो बनविण्याचा कारखाना होता. तेथील भाते व झडपा वापरून लिंक यांनी १९२९ मध्ये विमानचालनाचे शिक्षण देणारा एक अनुकारक तयार केला. अशा यंत्रास आता सिम्युलेटर म्हणतात. शिकाऊ वैमानिकाने दांडा हलविला की, त्याची बसण्याची कोठी त्यानुसार कलत असे. प्रारंभी या यंत्राकडे करमणुकीचे साधन म्हणून पाहिले गेले. १९३४ मध्ये अमेरिकेच्या लष्करी विमानदलाकडे टपाल वाहतुकीचे काम आले असता खराब हवेत अनेक वैमानिक मृत्युमुखी पडले व त्यानंतर दलाने अशी सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात या यंत्रांची संख्या सु. १०,००० पर्यंत गेली. मात्र यात बाहेरचे दृश्य नव्हते. झाकलेल्या कोठीत केवळ उपकरणांकडे पाहून उड्डाण करण्याचा सराव त्यात होई. तात्पर्य, वेढणारे चित्र, खोली व प्रतिसाद ही तिन्ही अंगे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत साध्य झाली होती, परंतु ती तीन स्वतंत्र यंत्रांत विखुरलेली होती.

मॉर्टन हाइलिग या अमेरिकन चित्रपटतंत्रज्ञांनी १९६२ मध्ये एकस्व घेतलेल्या सेन्सोरामा या यंत्रात त्रिमितीय चित्रपट, स्टिरिओ ध्वनी, आसनाची कंपने, वाऱ्याचा झोत व गंध यांचा मेळ घातला होता. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातून मोटरसायकलीवरून फेरफटका मारल्याचा अनुभव त्यात मिळे. तथापि चित्रफीत आधीच मुद्रित केलेली असल्याने प्रेक्षकाला वाट बदलता येत नसे. याउलट फिल्को कंपनीच्या अभियंत्यांनी १९६१ मध्ये तयार केलेल्या हेडसाइट या उपकरणात डोक्याची हालचाल मोजून दूर ठेवलेला दूरचित्रवाणी कॅमेरा तिच्यानुसार फिरविला जाई. येथे प्रतिसाद होता, परंतु दिसणारी सृष्टी ही कॅमेऱ्यापुढची खरीच सृष्टी होती. काल्पनिक सृष्टीला प्रतिसाद द्यावयास लावण्यासाठी संगणकाची आवश्यकता होती (→ संगणक).

सदरलँड यांचे कार्य : आयव्हन सदरलँड यांनी मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९६३ मध्ये स्केचपॅड हा संगणकावर आकृती काढण्याचा कार्यक्रम सिद्ध केला होता. १९६५ मध्ये त्यांनी एका निबंधात अशा दर्शकाची कल्पना मांडली की, ज्याच्या द्वारे संगणक केवळ चित्र नव्हे, तर स्पर्श व विरोध यांचाही अनुभव देऊ शकेल. त्यानंतर हार्व्हर्ड विद्यापीठात रॉबर्ट स्प्रोल प्रभृती विद्यार्थ्यांच्या साहाय्याने त्यांनी डोक्यावर बसविण्याचा त्रिमितीय दर्शक तयार केला व १९६८ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

या दर्शकात प्रत्येक डोळ्यासाठी एक लहान ऋण किरण नलिका होती. तिच्यावरील चित्र अर्धपारदर्शक आरशातून डोळ्यापर्यंत येई. त्यामुळे प्रत्यक्ष खोली व तीत तरंगणाऱ्या प्रकाशरेषांच्या आकृती ही दोन्ही एकदम दिसत. डोक्याचे स्थान कळण्यासाठी छतापासून लोंबणारा एक यांत्रिक बाहू दर्शकाला जोडलेला होता. ग्रीक आख्यायिकेत डॅमोक्लीझच्या डोक्यावर लटकणाऱ्या तलवारीवरून या बाहूला व पुढे सर्व प्रणालीलाच ‘डॅमोक्लीझची तलवार’ हे नाव पडले. श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने स्थान मोजण्याची दुसरी पद्धतही या प्रयोगात वापरून पाहण्यात आली. तत्कालीन सर्वसाधारण संगणकाची गती या कामास अपुरी होती. म्हणून आकृतीचे यथादर्शन बदलण्याचे व चौकटीबाहेर जाणारे रेषाखंड छाटण्याचे गणित करणारी खास इलेक्ट्रॉनीय मंडले तयार करावी लागली. दिसणाऱ्या आकृती म्हणजे तारांच्या सांगाड्यासारखे साधे घन व खोल्या होत्या.

या कार्यातील महत्त्वाचा निष्कर्ष असा की, दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रे दाखविण्यापेक्षाही निरीक्षकाच्या हालचालीनुसार चित्र बदलणे हे त्रिमितीय भासाला अधिक आवश्यक असते. ओबडधोबड रेषाकृतीही योग्य वेळी योग्य रीतीने बदलली, तर ती घन वस्तू म्हणून प्रतीत होते. पुढील सर्व विकास या निष्कर्षाच्या आधारे पारखता येतो.

लष्करी व अंतराळविषयक संशोधन : १९७० ते १९९० या काळात खर्चिक उपकरणे परवडणाऱ्या शासकीय संस्थांतच हे संशोधन प्रामुख्याने चालू राहिले. टॉमस फर्नेस यांनी अमेरिकेच्या हवाई दलासाठी राइट-पॅटर्सन तळावर वैमानिकाच्या शिरस्त्राणातच उड्डाणविषयक माहिती व भूप्रदेशाचे चित्र दाखविणारी प्रणाली विकसित केली. तिचा पहिला नमुना १९८२ मध्ये कार्यान्वित झाला. हे शिरस्त्राण अवजड व अतिशय महाग होते. नासाच्या कॅलिफोर्नियातील एम्स संशोधन केंद्रात मायकेल मॅकग्रीव्ही, स्कॉट फिशर व त्यांचे सहकारी यांनी १९८५ च्या सुमारास निराळा मार्ग धरला. त्यांनी खिशात मावणाऱ्या दूरचित्रवाणी संचांतील द्रवस्फटिक पडदे काढून हेडसेटमध्ये बसविले व एरिक हाउलेट यांनी छायाचित्रांसाठी तयार केलेली विस्तृत दृष्टिक्षेत्राची भिंगे त्यांच्यापुढे ठेवली. डोक्याचे स्थान विद्युत् चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने मोजले जाई. यामुळे हेडसेटची किंमत पुष्कळच उतरली. आजच्या हेडसेटची पडदा, भिंग व संवेदक ही रचना मूलतः हीच आहे.

पहिली लाट व तिची ओहोटी : लॅनियर यांच्या व्हीपीएल रिसर्च या कंपनीने १९८५ नंतर हेडसेट व टॉमस झिमरमन यांच्या कल्पनेवर आधारलेला हातमोजा विक्रीस आणला. मोज्याच्या बोटांवरून प्रकाशीय तंतू नेलेले होते. बोट वाकले की तंतूतून प्रकाश गळे व पलीकडे पोहोचणाऱ्या प्रकाशाच्या घटीवरून बोटाचा बाक कळे. वृत्तपत्रांतून व चित्रपटांतून या साधनांना मोठी प्रसिद्धी मिळाली आणि घराघरांत आभासी विश्वे येणार, अशी अपेक्षा निर्माण झाली. ब्रिटनमध्ये जॉनथन वॉल्डर्न यांच्या कंपनीने १९९१ मध्ये व्हर्च्युअ‍ॅलिटी या नावाची खेळयंत्रे करमणूक-केंद्रांत आणली.

प्रत्यक्ष अनुभव मात्र अपेक्षेस उतरला नाही. त्या काळच्या प्रणालींत हालचाल व चित्र यांतील विलंब पुष्कळदा एक दशांश सेकंदाच्या घरात असे आणि चित्रे सेकंदाला वीसहून कमी वेळाही बदलत. निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९९५ मध्ये व्हर्च्युअल बॉय हे स्वस्त उपकरण काढले. ते मेजावर उभे करून त्यात डोळे लावून पाहावे लागे, चित्र फक्त तांबड्या रंगात दिसे व डोक्याची हालचाल मोजण्याची सोयच त्यात नव्हती. थोडक्यात, तो एक चलत्‌चित्रांचा स्टिरिओस्कोप होता. वर्षभराच्या सुमारास त्याचे उत्पादन थांबले. व्हीपीएल कंपनीही टिकली नाही. तिची एकस्वे १९९८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतली.

याच काळात शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठात कॅरोलिना क्रूझ-नीरा, डॅनियल सँडिन व टॉमस डीफँटी यांनी १९९२ मध्ये ‘केव्ह’ ही वेगळी प्रणाली सादर केली. सु. ३ मी. लांबी-रुंदीच्या खोलीच्या भिंतींवर व जमिनीवर चित्रे प्रक्षेपित करून मध्ये उभ्या असलेल्या व्यक्तींना खास चष्म्यांतून ती त्रिमितीय दाखविली जात. या रचनेत मान वळविणाऱ्यासाठी नवे चित्र तयार करावे लागत नाही. ते दुसऱ्या भिंतीवर आधीच असते. त्यामुळे विलंबाचा उपद्रव कमी होतो. या गुणामुळे, खर्च व जागा पुष्कळ लागत असूनही, संशोधनसंस्था व मोटारगाड्यांचे कारखाने यांत अशा खोल्या टिकून राहिल्या.

पुनरुज्जीवन : दुसरी लाट स्मार्टफोनमुळे शक्य झाली. फोनसाठी मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागलेले लहान व दाट चित्रबिंदूंचे पडदे, सूक्ष्म घूर्णी व प्रवेगमापक आणि खेळांसाठी विकसित झालेले चित्रसंस्कारक ही सर्व अंगे २०१० च्या सुमारास स्वस्त झाली. पामर लकी या तरुणाने त्यांची जुळणी करून ऑक्युलस रिफ्ट हा हेडसेट बनविला आणि प्रसिद्ध खेळरचनाकार जॉन कारमॅक यांनी तो २०१२ मध्ये लोकांपुढे आणला. त्याच वर्षी सार्वजनिक वर्गणीतून या उपक्रमास सु. २४ लाख डॉलर मिळाले. २०१४ मध्ये फेसबुकने ही कंपनी सु. २०० कोटी डॉलरना विकत घेण्याचे जाहीर केले. गूगलने त्याच वर्षी पुठ्ठ्याची पेटी व दोन भिंगे यांत फोन बसविण्याचे कार्डबोर्ड हे अत्यल्प किंमतीचे साधन काढले. २०१६ मध्ये ऑक्युलस रिफ्ट, एचटीसी व्हाइव्ह आणि सोनीचा प्लेस्टेशन व्हीआर हे हेडसेट सर्वसामान्य ग्राहकांसाठी विक्रीस आले.

विलंब कमी करण्यासाठी या पिढीत अनेक युक्त्या एकत्र योजण्यात आल्या. (१) घूर्णीकडून सेकंदाला सु. १,००० वेळा मोजमाप घेतले जाते. घूर्णीची चूक मात्र साचत जाते व चित्र हळूहळू एका बाजूस सरकू लागते. ती चूक कॅमेऱ्यांनी किंवा खोलीत ठेवलेल्या दीपांच्या फिरत्या अवरक्त किरणांनी वारंवार दुरुस्त करतात. (२) पुढील काही मिलिसेकंदांत डोके कोठे असेल, याचा अंदाज बांधून चित्र त्या भावी स्थानासाठी काढतात. (३) चित्र तयार होऊन पडद्यावर जाण्याच्या अखेरच्या क्षणी डोक्याचे स्थान पुन्हा मोजतात व तयार चित्र तेवढ्या फरकाने सरकवितात. (४) प्रत्येक चित्र पूर्ण वेळ न दाखविता दोन-तीन मिलिसेकंदांपुरतेच उजळवितात. एरवी मान वळताना ते जालपटलावर फरफटते व पुसट दिसते. २०१६ मधील रिफ्टमध्ये प्रत्येक डोळ्यासाठी १,०८० × १,२०० चित्रबिंदू असून चित्र सेकंदाला ९० वेळा बदले.

२०१९ मधील ऑक्युलस क्वेस्टमध्ये संगणक व मागोवा घेणारे कॅमेरे हेडसेटमध्येच सामावले गेले आणि तारेची व बाहेरच्या दीपांची गरज संपली. फेसबुक कंपनीने २०२१ मध्ये मेटा हे नाव धारण केले व या क्षेत्रास आपले भवितव्य मानले. तथापि तिच्या संबंधित विभागाला २०२२ या एका वर्षातच सु. १,३७० कोटी डॉलरचा तोटा झाला. ॲपल कंपनीचा व्हिजन प्रो हा हेडसेट फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत ३,४९९ डॉलर किंमतीस विक्रीस आला. त्यात बाहेरचा परिसर कॅमेऱ्यांतून पडद्यावर दाखविला जातो व त्यासाठी लागणारा विलंब १२ मिलिसेकंद असल्याचे कंपनीने आवर्जून नमूद केले. सदरलँड यांच्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटला, तरी गुणवत्तेची कसोटी तीच राहिली आहे.

उपयोग : खेळ व करमणूक यांखेरीज जेथे प्रत्यक्ष सराव धोक्याचा, महागडा किंवा अशक्य असतो, तेथे ही तंत्रविद्या विशेष उपयुक्त ठरते. हबल दुर्बिणीच्या १९९३ मधील दुरुस्तीपूर्वी नासाने जमिनीवरील नियंत्रकांच्या प्रशिक्षणासाठी तिचा वापर केला. शस्त्रक्रियेच्या प्रशिक्षणात येल विद्यापीठातील २००२ चा प्रयोग उल्लेखनीय आहे. त्यात १६ शिकाऊ शल्यचिकित्सकांपैकी संगणकीय अनुकारकावर सराव केलेल्यांनी पित्ताशय सोडविण्याचे काम इतरांपेक्षा २९ टक्के जलद केले व त्यांच्या हातून चुकाही पुष्कळ कमी झाल्या. येथे हेडसेट नव्हता. सामान्य पडद्यासमोर उपकरणांच्या मुठी हलवावयाच्या होत्या. दुर्बिणीद्वारे करावयाच्या शस्त्रक्रियेत वैद्य प्रत्यक्षातही पडद्याकडेच पाहत असल्याने हात व चित्र यांचा मेळ साधणे एवढेच येथे पुरेसे ठरले.

मानसोपचारात बार्बरा रॉथबॉम, लॅरी हॉजेस व त्यांचे सहकारी यांनी १९९५ मध्ये उंचीच्या भयगंडाने ग्रस्त असलेल्यांना आभासी पूल, सज्जे व उद्वाहक यांवर क्रमाक्रमाने उभे करून त्यांचे भय कमी करता येते, असे दाखविले. आपण जमिनीवरच उभे आहोत, हे रुग्णास ठाऊक असते. तरीही त्याचे शरीर उंचीला प्रतिसाद देते आणि उपचाराचा परिणाम याच विसंगतीमुळे होतो. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी भाजलेल्या रुग्णांची मलमपट्टी करताना त्यांना बर्फाच्छादित दरीच्या आभासी परिसरात गुंतवून त्यांना जाणवणाऱ्या वेदना कमी करण्याची पद्धत विकसित केली. नियोजित इमारतींची पाहणी, मोटारगाड्यांचा आराखडा, रेणूंच्या रचनेचा अभ्यास इ. क्षेत्रांतही तिचा वापर होतो.

मर्यादा : अनुकारकामुळे होणाऱ्या मळमळीची नोंद १९५७ मध्येच हेलिकॉप्टरच्या प्रशिक्षणयंत्राबाबत झाली होती व १९९३ मध्ये तिच्या मोजमापासाठी १६ लक्षणांची प्रश्नावली तयार करण्यात आली. विलंब घटल्याने हा त्रास कमी झाला असला, तरी नाहीसा झालेला नाही. खुर्चीवर बसलेल्या माणसाला चित्रात धावताना दाखविल्यास डोळे व अंतर्कर्ण यांच्यातील विरोध विलंब शून्य असला, तरी राहतोच. दुसरी अडचण डोळ्यांच्या रचनेतून उद्‌भवते. जवळची वस्तू पाहताना दोन्ही डोळे आत वळतात व त्याच वेळी नेत्रभिंगे जवळच्या अंतराला समायोजित होतात. हेडसेटमध्ये डोळे आत वळतात, परंतु पडद्याचे प्रकाशीय अंतर ठराविकच असते. या विसंगतीने डोळे शिणतात. याशिवाय अर्ध्या किग्रॅ.च्या आसपासचे वजन, अनिर्बंध चालण्यास जागा नसणे आणि स्पर्शाचा अभाव या उणिवा आहेत. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९६७ पासून यांत्रिक बाहूच्या द्वारे रेणूंमधील आकर्षण-प्रतिसारण हाताला जाणवून देण्याचे दीर्घकाळ प्रयत्न केले. तथापि भिंतीला हात टेकविता यावा, ही साधी गोष्ट घरगुती उपकरणांत साध्य झालेली नाही.

गोपनीयता : ज्या हालचालींच्या मोजमापावर हा आभास उभा आहे, त्याच माणसाची ओळख उघड करू शकतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये ५११ व्यक्तींच्या डोक्याच्या व हातांच्या हालचालींच्या पाच मिनिटांहून कमी नोंदींवरून सु. ९५ टक्के वेळा अचूक व्यक्ती ओळखून दाखविली. २०२३ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात ५५,००० हून अधिक खेळाडूंमधून केवळ १०० सेकंदांच्या नोंदींवरून सु. ९४ टक्के अचूकपणे व्यक्ती हुडकता आली. म्हणजे नाव, चेहरा व आवाज झाकूनही चालण्या-वळण्याची ढब झाकली जात नाही. संकेतस्थळ पाहणारा वाचक आपली माहिती देण्याचे नाकारू शकतो. येथे मात्र डोक्याचे स्थान देण्याचे नाकारले, तर चित्रच दिसणार नाही. डोळ्यांच्या हालचाली मोजणाऱ्या हेडसेटमध्ये दृष्टी कोठे व किती वेळ खिळली, याचीही नोंद होऊ शकते. ही माहिती उपकरणातच राहावी की कंपनीकडे जावी, हा प्रश्न म्हणून या तंत्रविद्येच्या मुळाशीच निगडित आहे व त्याचे उत्तर तांत्रिक सुधारणेपेक्षा कायद्यावर व लोकांच्या जागरूकतेवर अवलंबून आहे.

पडद्यावर दर अंशाला साठ चित्रबिंदू असले, तर निरोगी डोळ्याला ते सुटे दिसत नाहीत. २०१६ च्या उपकरणांत हे प्रमाण दहा ते पंधराच्या दरम्यान होते व ते पुढे सतत वाढत गेले. चित्राची ही उणीव कालांतराने भरून निघण्याजोगी आहे. शरीराच्या सर्व इंद्रियांची वेळेशी सांगड घालणे हे काम अधिक कठीण असून आभासी वास्तवतेची पुढील प्रगती त्यावरच अवलंबून राहील.